कमी शक्तीचा लेसर, जखमेतले जीवाणू आणि रक्तातले विषाणू

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझे वडील 68 वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली दोन महिन्यांपासून जखम आहे. सुरुवातीला सर्जननी ड्रेसिंग आणि गोळ्या दिल्या होत्या. आता ओळखीतून एका उपचार केंद्रात ‘कोल्ड लेसर’चे दहा बैठकांचे पॅकेज घेतले आहे. लेसरने जंतू मरतात, त्यामुळे प्रतिजैविकांची गरज उरत नाही, असे तेथे सांगितले गेले. यंत्रावर 808 नॅनोमीटर आणि 200 मिलिवॅट असे लिहिले आहे. त्याच केंद्राने मनगटावर बांधायचे एक लेसर घड्याळही दाखवले. त्यावर 650 नॅनोमीटर, 5 मिलिवॅट असे आहे आणि त्याने रक्तातले विषाणू नष्ट होतात असा दावा आहे. माझ्या भावाला हिपॅटायटिस बी आहे, म्हणून ते घ्यावे असे घरात चालले आहे. अतिशय कमी शक्तीच्या लेसरने विषाणू मेल्याचे एक संशोधनही त्यांनी दाखवले. दुसरीकडे, माझ्या दंतवैद्यांनी हिरड्यांसाठी निळा रंग आणि लेसर असा उपचार सुचवला आहे. यातले खरे काय आणि खोटे काय? घरात चार वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे असे यंत्र घरी ठेवण्याचीही भीती वाटते.

सप्रेम नमस्कार.

आपण यंत्रांवरचे आकडे टिपून पाठवलेत, हे फार बरे केलेत. या विषयातला बहुतेक गोंधळ ‘लेसर’ हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरल्यामुळे होतो आणि तो आकड्यांवाचून सुटत नाही. मात्र विज्ञानाकडे वळण्याआधी आपल्या वडिलांच्या पायाबद्दल लिहितो, कारण पत्रातली खरी घाई तेवढीच आहे.

मधुमेही माणसाच्या तळपायाची दोन महिने न भरलेली जखम याच आठवड्यात सर्जनला किंवा मधुमेही पायांवर उपचार करणाऱ्या विभागात दाखवावी, मग लेसर चालू असो वा नसो. अशी जखम का भरत नाही याची कारणे बहुधा तीन असतात. पायातल्या नसांची संवेदना गेलेली असते, त्यामुळे माणूस जखमेवरच भार देऊन चालत राहतो. पायाकडे जाणाऱ्या रोहिण्या अरुंद झालेल्या असतात. आणि जखमेखाली, कधी कधी थेट हाडापर्यंत, संसर्ग पोहोचलेला असतो. यांपैकी पहिल्या दोन कारणांवर कुठल्याही प्रकाशाचा इलाज नाही. पायाच्या नाड्या तपासणे, गरज पडल्यास डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी), एक्स-रे, मेलेली ऊती काढून जखम स्वच्छ करणे, जखमेवरचा भार काढणारे पादत्राण किंवा प्लास्टर आणि साखर आटोक्यात ठेवणे, या उपचाराचा क्रम ठरलेला आहे. मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत जखम भरण्यासाठी प्रकाश, उष्णता, वीज, चुंबक यांसारखे भौतिक उपचार वापरू नयेत, अशी स्पष्ट शिफारस केली आहे, कारण त्यांचा फायदा दाखवणारा पुरावा कच्चा आहे.

प्रतिजैविकांबद्दल केंद्राने जे सांगितले, त्यात एक अर्धसत्य आहे आणि ते आपण समजून घ्यावे. प्रत्येक उघड्या जखमेला प्रतिजैविक लागते असे नाही. लाली, सूज, उष्णता, पू यांपैकी काहीच नसेल तर तज्ज्ञ स्वतःहून ते देत नाहीत. परंतु संसर्गाची लक्षणे आहेत की नाहीत, हे जखम उघडून पाहणाऱ्या सर्जननी ठरवायचे असते. लेसरने जंतू मेले असतील असे गृहीत धरून गोळ्या बंद करणे ही पूर्णपणे वेगळी आणि धोक्याची गोष्ट आहे. जखमेभोवतीची लाली पसरू लागली, घाण वास येऊ लागला, त्वचा काळी पडली, ताप किंवा थंडी वाजून आली, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखमेचे कल्चर, म्हणजे त्यातले जीवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायचे असेल, तर ती स्वच्छ केल्यावर आतल्या ऊतीचा तुकडा पाठवायला सांगावे. वरवर फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यात त्वचेवरचे निरुपद्रवी जीवाणूच जास्त येतात.

आता मूळ प्रश्न. प्रकाश जंतू मारतो का? काही प्रकाश मारतो, आणि ते 1877 सालापासून माहीत आहे. त्या वर्षी डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी सूर्यप्रकाशात ठेवलेल्या द्रवात जीवाणूंची वाढ थांबते, हे दाखवून दिले. पण कोणता प्रकाश आणि कसा, याचे उत्तर एकाच कसोटीवर मिळते: त्या जंतूमध्ये तो प्रकाश शोषून घेणारे काही आहे का? जो प्रकाश शोषलाच जात नाही, तो आरपार जातो किंवा विखुरतो, पण काम काही करत नाही. लेसरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा (म्हणजे ढोबळपणे एकाच रंगाचा; ती नॅनोमीटरमध्ये मोजतात) आणि एका दिशेने जाणारा असतो, एवढ्याने ही अट सुटत नाही. उलट, एकच तरंगलांबी असल्यामुळे ती चुकली तर सगळाच प्रकाश वाया जातो.

254 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश जीवाणू आणि विषाणू दोघांनाही मारतो, कारण त्यांच्यातली न्यूक्लिइक आम्ले (डीएनए आणि आरएनए) तो थेट शोषतात. डीएनएच्या साखळीतले शेजारचे थायमिन रेणू एकमेकांना चिकटतात आणि साखळीची नक्कल करणे अशक्य होते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतले आणि शस्त्रक्रियागृहांतले दिवे याच तत्त्वावर चालतात. हाच प्रकाश आपल्या पेशींचेही तेवढेच नुकसान करतो, म्हणून तो उघड्या जखमेवर रोज टाकता येत नाही. आपल्या दोन्ही यंत्रांचा प्रकाश मात्र याच्या दुसऱ्या टोकाला आहे. 650 नॅनोमीटर म्हणजे लाल, आणि 808 नॅनोमीटर म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जवळपास न दिसणारा अवरक्त प्रकाश. या पट्ट्यात न्यूक्लिइक आम्ले काहीच शोषत नाहीत.

मग कमी शक्तीचा लेसर, म्हणजेच आपल्या केंद्रातला ‘कोल्ड लेसर’, उपचारात आला कसा? पहिला लेसर 1960 साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून तयार केला. त्यानंतर काही वर्षांनी बुडापेस्टचे शल्यविशारद एंड्रे मेस्टर यांनी लेसरने उंदरांमधल्या गाठी बऱ्या होतात का, हे पाहायला घेतले. त्यांचे यंत्र अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी शक्तीचे होते आणि गाठींवर त्याचा परिणाम झाला नाही. परंतु प्रयोगासाठी ज्या जागेवरचे केस भादरले होते, तेथे प्रकाश मिळालेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. 1967च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून पुढे जखमा भरण्याचे प्रयोग झाले आणि एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. या उगमाकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो, कारण ही कथा सुरुवातीपासूनच प्राण्याच्या स्वतःच्या पेशींची आहे, जंतू मारण्याची नाही. लाल आणि अवरक्त प्रकाश आपल्या पेशींच्या तंतुकणिकांमधले (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांमधले) सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) शोषते, त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती काही काळ वाढते, असे या क्षेत्रातले सर्वांत मान्य स्पष्टीकरण आहे. मात्रा फार कमी झाली तर परिणाम होत नाही आणि फार जास्त झाली तर तो उलटतो, हेही वारंवार दिसले आहे.

या उपचाराचा उपयोग शून्य आहे असे माझे म्हणणे नाही. डोके आणि मानेच्या कर्करोगात किरणोपचार घेणाऱ्यांच्या तोंडात जे वेदनादायक व्रण उठतात, ते टाळण्यासाठी कमी शक्तीचा लेसर उपयोगी पडतो, हे चांगल्या चाचण्यांत दिसले आहे. त्यांतल्या काही आपल्याकडे मणिपाल येथे झाल्या, आणि आंतरराष्ट्रीय सूचनांतही त्याला जागा मिळाली आहे. पण तेथेही कोणी जंतू मारण्याचा दावा करत नाही.

आता हाच प्रकाश जीवाणूवर पडला तर काय होते ते पाहा. जीवाणूंमध्ये तंतुकणिका नसतात, मात्र श्वसनासाठी त्यांच्याही पटलात सायटोक्रोम असतात. त्यामुळे लाल किंवा अवरक्त प्रकाशाने त्यांची वाढ किंचित घटावी, किंचित वाढावी किंवा काहीच फरक पडू नये, हे तिन्ही शक्य आहे. प्रयोगशाळांत प्रत्यक्ष असेच घडले आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, इ. कोलाय आणि स्यूडोमोनास हे जखमांत नेहमी सापडणारे जीवाणू घेऊन 630 ते 905 नॅनोमीटरमधल्या वेगवेगळ्या तरंगलांबी आणि मात्रा तपासल्या, तेव्हा परिणाम जीवाणूगणिक आणि तरंगलांबीगणिक बदलला. कुठे वाढ कमी झाली, कुठे जास्त झाली. जखमेत कोणता जीवाणू आहे हे न तपासता ‘लेसरने जंतू मरतात’ असे सरसकट सांगणारा माणूस एका अर्थी रुग्णाच्या पायावर जुगार खेळत असतो, आणि हे मी पुरेशा गांभीर्याने लिहितो आहे. जखम आधीच संसर्गग्रस्त असेल आणि त्यातल्या जीवाणूंना चालना मिळाली, तर त्याची किंमत पाय गमावून मोजावी लागू शकते.

आपल्या दंतवैद्यांचा सल्ला मात्र या सर्वांहून वेगळा आहे आणि त्याच्यामागे भक्कम विज्ञान आहे. 1900 साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याचे काम प्रसिद्ध झाले. पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर ॲक्रिडीन या रंगाचा परिणाम तपासताना त्याला आढळले की रंग एकटा असताना जीव बराच काळ तग धरतात, पण रंग आणि उजेड एकत्र आले की ते लवकर मरतात. त्याचे प्राध्यापक टाप्पाइनर यांनी पुढे दाखवले की या क्रियेला ऑक्सिजनही लागतो. तत्त्व असे आहे: रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतो, आणि तो उत्तेजित ऑक्सिजन हाताला येईल त्या प्रथिनावर आणि मेदावर तुटून पडतो. हा ऑक्सिजन इतका अल्पायुषी असतो की एका मायक्रोमीटरच्याही आतच त्याचे काम संपते, म्हणून रंग जंतूला चिकटलेला असला तर मार त्यालाच बसतो.

दंतवैद्यांकडे जो निळा रंग असतो तो बहुधा मिथिलीन ब्लू किंवा टोलुइडिन ब्लू असतो. मिथिलीन ब्लू सुमारे 660 नॅनोमीटरचा लाल प्रकाश जोरात शोषतो, आणि तेवढ्याच तरंगलांबीचे लहान डायोड लेसर सहज मिळतात. लंडनच्या ईस्टमन दंत संस्थेत मायकेल विल्सन यांच्या गटाने 1990च्या दशकात याच जोडीवर पुष्कळ काम केले. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत रंग सोडतात, तो जीवाणूंना चिकटायला थोडा वेळ देतात, जास्तीचा रंग धुतात आणि मग बारीक टोकाने प्रकाश आत सोडतात. जीवाणूंचे आवरणावरून ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह असे दोन गट पडतात. ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणू लवकर मरतात. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना बाहेरचे एक जादा आवरण असते, त्यामुळे त्यांच्यासाठी धन प्रभार असलेला रंग लागतो, आणि मिथिलीन ब्लूला तो आहे. क्रिया एकाच वेळी अनेक रेणूंवर होत असल्यामुळे प्रतिजैविकांना जसा प्रतिरोध येतो तसा तो येथे सहज येत नाही. व्हँकूव्हरच्या जनरल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू लावून लाल प्रकाश देण्याची पद्धत याच तत्त्वावर 2011 पासून वापरात आली, कारण शस्त्रक्रियेच्या जखमेतला स्टॅफिलोकॉकस पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्याच नाकातून आलेला असतो.

म्हणून दंतवैद्यांना एवढेच विचारा की हा उपचार दात खरवडून स्वच्छ करण्याच्या जोडीला आहे की त्याच्याऐवजी. जोडीला असेल तर हरकत नाही. फायदा किती होतो याबद्दल अभ्यासांत एकवाक्यता नसली तरी तत्त्व खरे आहे आणि धोका कमी आहे. ‘खरवडायची गरज नाही’ असे उत्तर आले, तर दुसरे मत घ्या, कारण कीट कडक झाले की त्याच्या आत ना रंग पुरेसा शिरतो, ना प्रकाश.

रंग न लावता जीवाणू मारणारा एक दृश्य प्रकाशही आहे, तो म्हणजे जांभळा-निळा, 405 नॅनोमीटरच्या आसपासचा. काही जीवाणू स्वतःच पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्ये बनवतात आणि ती नेमका हाच प्रकाश शोषतात. तारुण्यपीटिकांतल्या जीवाणूत ती भरपूर असतात, म्हणून मुरुमांसाठी निळ्या दिव्याचे उपचार निघाले. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर केंद्रित प्रकाशाने उपचार केले आणि त्यासाठी त्यांना 1903 साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो परिणाम अतिनील किरणांचा असावा अशी समजूत शंभर वर्षे होती. 2005 साली त्यांच्याच जुन्या भिंगांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतून 340 नॅनोमीटरखालचे किरण पलीकडे जातच नव्हते, असे दिसून आले. म्हणजे क्षयाच्या जीवाणूतली पॉर्फिरिन आणि दृश्य प्रकाश हीच बहुधा त्या यशाची गुरुकिल्ली होती. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाने 405 नॅनोमीटरचे छतावरचे दिवे तयार केले आणि भाजलेल्या रुग्णांच्या खोल्यांत त्यांनी पृष्ठभागांवरचे जीवाणू कमी होतात, हे तेथील रुग्णालयात दाखवले. ते दिवे तासन्‌तास चालू ठेवावे लागतात, हे मात्र विसरू नये.

भारतातही प्रकाशाने जीवाणूंशी लढण्याचे गंभीर प्रयत्न झाले आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने नायट्रोजन लेसर तयार केला आणि फुफ्फुसातल्या क्षयाच्या पोकळ्या तसेच न भरणाऱ्या जखमा यांवर त्याचे प्रयोग झाले. तो 337 नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील पट्ट्यातला लेसर आहे. आपल्या केंद्रातल्या यंत्राशी त्याचे साम्य नावापुरतेच आहे. आणि एवढे प्रयोग होऊनही क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम आजही औषधांवरच चालतो, यावरून काय ते समजावे.

मात्रेचे गणित आपण स्वतः करून पाहू शकता. शक्ती वॅटमध्ये घ्यायची, तिला सेकंदांनी गुणायचे आणि क्षेत्रफळाने भागायचे, की दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल ऊर्जा मिळाली ते कळते. 200 मिलिवॅटचा लेसर एका चौरस सेंटिमीटरवर 20 सेकंद धरला तर 4 ज्यूल होतात. पेशींना चालना देण्याच्या उपचारात साधारण एवढीच मात्रा वापरतात. निळ्या प्रकाशाने जीवाणू मारायला मात्र प्रयोगशाळेत दहा-वीस ते शेकडो ज्यूल लागतात. 5 मिलिवॅटच्या घड्याळाने एका चौरस सेंटिमीटरवर 100 ज्यूल पोहोचवायचे म्हटले, तर 20,000 सेकंद, म्हणजे साडेपाच तासांहून जास्त वेळ लागेल, आणि तरीही तो प्रकाश चुकीच्या रंगाचाच असेल.

‘99 टक्के जीवाणू मेले’ या वाक्याकडेही सावधपणे पाहावे. जखमेत दहा कोटी जीवाणू असतील, तर 99 टक्के मेल्यावर दहा लाख उरतात. इ. कोलायसारखा जीवाणू अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. तसे घडले, तर ते दहा लाख सव्वादोन तासांत पुन्हा दहा कोटी होतात. प्रतिजैविक रक्तात काही तास टिकून राहते. प्रकाशाचा परिणाम मात्र दिवा बंद होताच थांबतो. म्हणूनच जंतुनाशक प्रकाशाचे जे उपयोग टिकले, ते हिरडीची फट, नाकपुडी, खोलीतला पृष्ठभाग, रक्तपेढीतली पिशवी अशा मर्यादित जागांचे आहेत.

रक्तपेढीच्या पिशवीवरून आपण विषाणूंकडे वळतो. विषाणूत तंतुकणिका नाहीत, श्वसन नाही आणि स्वतःची पॉर्फिरिनही नाहीत. लाल प्रकाश शोषणारे त्याच्याजवळ काहीच नसते, त्यामुळे नुसत्या लाल लेसरला विषाणूमध्ये पकडायला जागाच मिळत नाही. रंग मिसळला की चित्र बदलते. युरोपातल्या काही रक्तपेढ्या 1990च्या दशकापासून दात्याच्या रक्तद्रवात मिथिलीन ब्लू मिसळून त्यावर दृश्य प्रकाश टाकतात. जर्मन रेड क्रॉसचा या पद्धतीच्या विकासात मोठा वाटा आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी हे मेदाचे आवरण असलेले विषाणू त्यात निकामी होतात. हिपॅटायटिस ए किंवा पार्व्होव्हायरस बी 19 यांसारख्या आवरण नसलेल्या विषाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. आणि पांढऱ्या पेशींच्या आत दडलेल्या विषाणूपर्यंत ही क्रिया नीट पोहोचत नाही, म्हणून त्या पेशी आधी गाळून काढतात. शरीराबाहेर, पातळ पारदर्शक पिशवीत, पेशी काढून टाकलेल्या द्रवावरही एवढ्या मर्यादा आहेत.

आता मनगटावरचे घड्याळ पाहा. त्यात रंग नाही. त्याचा प्रकाश त्वचेत काही मिलिमीटर शिरताना विखुरतो आणि लाल रक्तपेशींत शोषला जातो. हिपॅटायटिस बीच्या विषाणूचे मूळ ठाण तर रक्तात नसून यकृतात आहे, यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याचा डीएनए वर्तुळाकार रूपात वर्षानुवर्षे टिकून राहतो. मनगटावर पडलेल्या प्रकाशाचा त्याच्याशी संबंध येण्याचा मार्गच नाही. आपल्या भावांनी हे घड्याळ घेऊ नये. त्यांनी रक्तातल्या विषाणूच्या डीएनएचे प्रमाण आणि यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात आणि औषध आत्ता लागते की नाही हे यकृततज्ज्ञांकडून ठरवावे. टेनोफोविर आणि एन्टेकॅव्हिर ही औषधे विषाणूची वाढ चांगली रोखतात. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. घरातल्या इतरांनी, लहानग्यासह, तपासणी आणि लसीकरण झाले आहे याची खात्री करून घ्यावी. ज्या कुटुंबात घड्याळासाठी पैसे बाजूला काढले गेले, त्या कुटुंबाला ही मोफत सोय कोणी सांगितली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

‘अतिशय कमी शक्तीच्या लेसरने विषाणू मेला’ हे संशोधन केंद्राने बहुधा खोटे दाखवले नसेल. 2007 साली अमेरिकेत असे काम खरोखर प्रसिद्ध झाले. त्यातला विषाणू एम 13 नावाचा, जीवाणूंना लागण करणारा होता, आणि लेसर फेम्टोसेकंद जातीचा होता. त्याचा प्रकाश सलग नसतो, सुमारे शंभर फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढ्या, स्पंदांत येतो. दोन स्पंदांमधला बहुतेक काळ तो बंदच असतो, म्हणून सरासरी शक्ती कमी भरते, पण स्पंदाच्या क्षणी ती सरासरीच्या लाखाहून अधिक पटींनी जास्त असते. रात्रभर थेंबथेंब गळून भरलेली बादली एका झटक्यात अंगावर रिकामी केली, तर पाणी तेवढेच असले तरी परिणाम वेगळा होतो, तसेच हे आहे. त्या झटक्याने विषाणूचे प्रथिनांचे कवच थरथरून खिळखिळे होते, असे त्या संशोधकांचे स्पष्टीकरण होते. हे सारे काचेच्या नळीतल्या द्रवात, प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडलेल्या महागड्या यंत्राने झाले. घड्याळातला सलग प्रकाश देणारा डायोड या वर्गात बसत नाही.

विषाणूजन्य आजारात कमी शक्तीच्या लेसरचा एक प्रामाणिक पुरावा आहे, तोही सांगायला हवा. वारंवार ओठावर उठणाऱ्या नागिणीसदृश फोडांवर, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्सवर, व्हिएन्नात 1999 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फोड नसताना दहा दिवस 690 नॅनोमीटरचा प्रकाश दिला. 50 रुग्णांच्या त्या चाचणीत खरा प्रकाश मिळालेल्यांना पुढचा फोड येईपर्यंतचा मध्यक काळ 37.5 आठवडे होता, तर लटका उपचार मिळालेल्यांत तो 3 आठवडे होता. चाचणी लहान होती, पण कोणाला काय मिळते हे रुग्ण आणि तपासणारे दोघांनाही माहीत नव्हते, त्यामुळे ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. तेथेही विषाणू प्रकाशाने मेला असे मानायला आधार नाही, कारण फोड नसतानाच्या काळात तो चेताकेंद्रात, म्हणजे मज्जातंतूंच्या गाठीत, दडून बसलेला असतो आणि ओठावरचा प्रकाश तेथे पोहोचत नाही. परिणाम झाला असेल तर तो त्या जागेच्या त्वचेवर आणि तिथल्या प्रतिकारशक्तीवर झाला असावा.

उरलेल्या बैठकांचे काय करावे, हे सर्जन जखम पाहून सांगतील. त्यांनी परवानगी दिली तर लेसर ड्रेसिंगच्या जोडीला चालू राहू शकतो, परंतु संसर्ग असेपर्यंत किंवा जखमेच्या जागी कर्करोगाची शंका असल्यास तो थांबवावा. केंद्राला मात्र लेखी विचारा की तरंगलांबी कोणती, एका बैठकीत दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल देतात, रंग वापरतात का, आणि प्रतिजैविके बंद करण्याची जबाबदारी कोणाच्या सहीने घेतली जाते. वडील डॉक्सिसायक्लिनसारखे प्रकाशाला संवेदनशीलता वाढवणारे औषध घेत असतील, तर तेही तेथे सांगा.

मुलाबद्दलची आपली भीती योग्य आहे. 5 मिलिवॅटचा लाल किरण चुकून डोळ्यावर आला तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि बहुधा बचाव होतो, पण मूल कुतूहलाने मुद्दाम त्याच्याकडे पाहत राहिले तर तो बचाव उरत नाही. 200 मिलिवॅटचा 808 नॅनोमीटरचा किरण त्याहून कितीतरी घातक आहे, कारण तो जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलाच्या एका बिंदूवर गोळा करते. तेथे झालेली इजा भरून येत नाही. बैठकीच्या वेळी वडिलांच्या आणि तंत्रज्ञाच्या डोळ्यांवर त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा असलाच पाहिजे. साधा काळा गॉगल चालत नाही, चष्म्याच्या कडेवर 808 हा आकडा ज्या पट्ट्यात येतो तो पट्टा छापलेला असतो, तो वाचून घ्या. मुलाला त्या खोलीत नेऊ नका, आणि असे कोणतेही यंत्र, ‘घरगुती वापरासाठी’ म्हणून दिले तरी, घरी आणू नका.